मंत्रालयं कमी केली की पैसा वाचतो?

जमाखर्च : ‘केंद्रातली निम्मी मंत्रालयं विलीन करा, उधळपट्टी आपोआप थांबेल’ हे इथं वाचून राहवलं नाही. 2019 मध्ये पाण्याची दोन मंत्रालयं एकत्र करून जलशक्ती झालं. आत विभाग दोनच, सचिवही दोन. पाटी तेवढी नवी. खरी गळती खाली होती. एकाच केंद्रपुरस्कृत योजनेचा (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघं पैसे घालतात त्या योजनेचा) पैसा राज्य, जिल्हा, तालुका अशा ढीगभर बचत खात्यांत निजलेला. वर केंद्राच्या हिशेबात मात्र ‘खर्ची’, आणि केंद्र तिकडे व्याजाने कर्ज काढतंय. 2021 मध्ये राज्यात योजनेमागे एकच नोडल खातं आलं, म्हणजे त्या योजनेचा सगळा पैसा एकाच बँक खात्यात. एका वेळी 25 टक्क्यांहून जास्त हप्ता नाही, आधीचे 75 टक्के वापरल्याशिवाय पुढचा नाही.

खालचा_टेबल : वा! ती 75 टक्क्यांची अट अख्ख्या राज्याच्या बेरजेवर असते, साहेब. दोन जिल्ह्यांची बिलं रखडली की बाकीच्यांचाही हप्ता अडतो. राज्याचा हिस्सा खात्यात पडला नाही, तरीही अडतो. पगार कुणाचा थकतो? कंत्राटी परिचारिकेचा.

जमाखर्च : मग राज्याच्या वित्त विभागाला विचारा. केंद्राच्या माथी कशाला?

मार्चएंड : तुमचं चालू द्या. शेवटच्या तिमाहीत 33 टक्के, मार्चमध्ये 15 टक्के ही खर्चाची मर्यादा आहेच. तरी निधी समर्पित केला, म्हणजे न वापरता परत दिला, की पुढच्या वर्षी कात्री लागते, म्हणून 28 तारखेला प्रिंटर मागवले जातात. तेही एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीचे!

पानामागे : प्रिंटरचं बोललातच, तर हिशेब करा. धरा, प्रिंटर 8 हजारांचा, कार्ट्रिज 2 हजारांचं, निघतात 1000 पानं. रोज 100 पानं, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 4,400 रुपये. दोन महिन्यांत शाई प्रिंटरच्या वर! जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) प्रिंटर आणि 3 वर्षांची कार्ट्रिजं एकाच निविदेत घ्या, एल-वन एकूण किमतीवर ठरवा.

खालचा_टेबल : आणि लेखापरीक्षक विचारणार, ‘एकत्र बांधून स्पर्धा का कमी केली?’ उत्तर कोण लिहिणार, तुम्ही?

पानामागे : प्रतिपान खर्चाचा तक्ता फाइलला लावा. तेवढंही होत नसेल तर नोकरी कसली करता?

खालचा_टेबल : भाषा सांभाळा.

मार्चएंड : तक्ता लावायला 28 मार्चला वेळ कुठला!

जमाखर्च : धागा शाईत बुडाला. बरं, हप्त्याची अट जिल्हानिहाय असायला हवी होती, हे मान्य. मंत्रालयांबद्दलचं माझं म्हणणं मात्र अजून कुणीच खोडलेलं नाही.