कर्णबधिर मुलीसाठी पहिलीला कोणती शाळा निवडावी?

कोथरूडची आई:
आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. ती अडीच वर्षांची असताना बेरा चाचणीत (आवाजाला मेंदू देतो तो प्रतिसाद मोजणारी श्रवणतपासणी) दोन्ही कानांत साधारण 75 डेसिबलचा श्रवणदोष निघाला. तेव्हापासून तिच्या दोन्ही कानांना यंत्रे आहेत आणि वाचा-उपचारही नियमित चालू आहेत. शांत खोलीत ती तीन-चार शब्दांची वाक्ये बोलते. मात्र ‘आईने बाबाला दिले’ आणि ‘आईला बाबाने दिले’ यांतला फरक तिला अजून उमगत नाही. घराजवळच्या एका शाळेने प्रवेश नाकारला असे म्हणता येणार नाही, पण ‘वर्गात पन्नास मुले आहेत, तुमच्याच मुलीचे नुकसान होईल’ असे काळजीच्या सुरात सांगून आम्हाला तिसऱ्यांदा परत पाठवले. विशेष शाळेत खुणा शिकली तर ती बोलायची थांबेल, असे माझ्या सासऱ्यांना वाटते. आम्ही काय करावे?

निवृत्त विशेष शिक्षिका:
‘ने’ आणि ‘ला’ यांचा जो घोळ आपण लिहिला आहे, तो बुद्धीचा नाही. मराठीत वाक्याचा अर्थ विभक्तीच्या प्रत्ययांवर तोलला जातो आणि हेच प्रत्यय आपण शब्दाच्या शेवटी, आघात न देता, जवळजवळ गिळून उच्चारतो. ऐकणाऱ्या मुलांना ते दिवसभर कानावर पडून आपोआप येतात, आपल्या मुलीला ते मुद्दाम द्यावे लागतील. ओठ वाचूनही काम भागत नाही. आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ म्हणून पाहा, तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतील.

यंत्र बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकल्याचा आवाजही वाढवते. शिवाय अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, म्हणून पहिला बाक हा उपकार समजू नये, ती तिची गरज आहे. शाळा कोणतीही असो, प्रवेशाआधी तिथल्या वर्गात तासभर बसण्याची परवानगी मागा. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात का, शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा आणि थेट यंत्रात आवाज पोहोचवणारा माइक वापरायला त्या तयार आहेत का, एवढे पाहिलेत तरी बरेच कळेल. माझे वैयक्तिक मत असे की चौथीपर्यंत विशेष शाळेत भाषेचा पाया घालावा आणि नंतर सर्वसाधारण शाळेचा विचार करावा.

सिंहगड रस्त्यावरचा पालक:
शाळेचे तोंडी बोलणे ऐकून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार दोन्ही कानांत 70 डेसिबलचा श्रवणदोष असलेली व्यक्ती कर्णबधिर ठरते. त्याच कायद्याच्या कलम 31 प्रमाणे, प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यातील ‘पसंतीच्या’ हा शब्द पालकांच्या बाजूचा आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र, काढले नसेल तर आधी ते काढा. दाद मागायची वेळ आलीच, तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, ही आपल्यासाठी त्यातल्या त्यात सोय. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे, चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो.

एक कर्णबधिर वाचक:
मी जन्मापासून कर्णबधिर आहे आणि दहावीपर्यंत सर्वसाधारण शाळेत शिकले. बाई ‘कळले का?’ असे विचारत, मी मान हलवत असे आणि त्या पुढे जात. प्रार्थनेच्या वेळी शेजारणीकडे पाहून मी नुसते ओठ हलवत असे. प्रार्थनेचे शब्द मला थेट सातवीत, कुणाच्या तरी वहीत वाचायला मिळाले. प्रगतिपुस्तकावर ‘शांत व आज्ञाधारक’ असा शेरा होता.

म्हणूनच वरच्या शिक्षिकांशी मी पूर्ण सहमत नाही. विशेष शाळेतही केवळ बोलण्याचा सराव घेतला आणि मुलांच्या हातांना गप्प बसवले, तर तिथेही हेच घडते. खुणांमुळे बोलणे थांबते, ही आपल्या सासऱ्यांची भीती मी माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकली आहे. प्रत्यक्षात मी विसाव्या वर्षी भारतीय सांकेतिक भाषा शिकले आणि माझे लिखित मराठी त्यानंतरच सुधारले, कारण कुठला शब्द का आला हे मला पहिल्यांदाच कुणाला तरी मोकळेपणाने विचारता आले. आज या भाषेचा 10,000 संज्ञांचा कोश आहे. 2018 साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत 3,000 संज्ञा होत्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. आपण दोघांनी रोज दहा खुणा शिकायला आजपासूनच सुरुवात करावी. त्यासाठी शाळा ठरण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोथरूडची आई:
सर्वांचे आभार. ‘पान, बाण, मान’ हा प्रयोग सासऱ्यांनीच आरशासमोर करून पाहिला आणि नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्या शाळेत काल लेखी अर्ज दिला. लिपिकाने पोच द्यायला पाऊण तास लावला, पण दिली. सोमवारी एका विशेष शाळेच्या पहिलीच्या वर्गात तासभर बसण्याची परवानगी मिळाली आहे. बाई कुणीकडे तोंड करून बोलतात, ते आधी पाहीन.