बीअर खरंच जर्मन लोकांनी शोधली का?

भटक्या_सातारा: काल मित्राशी वाद झाला, तो म्हणतो बीअर म्हणजे जर्मनीच, तिथूनच जगभर गेली. मला काय पटेना. कुणाला नीट माहितीये का?

मडकेवाला: जर्मनी फार नंतर हो. इराणात गोदिन तेपे इथं साधारण ५००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या आतल्या खाचांत बीअरचा साका सापडलाय. आणि सुमेरमध्ये (आताच्या दक्षिण इराकातली प्राचीन संस्कृती) तर बीअरची देवीच होती, निन्कासी, तिच्या इ.स.पू. १८०० च्या आसपासच्या स्तोत्रात धान्य भिजवून मोड आणण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं येतं, म्हणजे आरतीची आरती आणि रेसिपीची रेसिपी 😄 वर कोंडा तरंगायचा म्हणून लांब नळीनं प्यायचे, चित्रं आहेत तशी.

पुणेरी_काका: तुमच्या मित्राला अगदीच खोटं पाडू नका. हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, घालायची पद्धत तिकडंच रुळली, त्यानं कडवटपणा येतो आणि बीअर टिकते. १५१६ चा बव्हेरियाचा (जर्मनीतलाच एक प्रांत) नियम होता, फक्त बार्ली, हॉप्स, पाणी. यीस्टचं, म्हणजे ज्यानं बीअर आंबते त्या सूक्ष्मजीवाचं, नावच नाही त्यात!

भटक्या_सातारा: मग आंबायची कशी?

पुणेरी_काका: इडलीचं पीठ आंबतं तशीच, कारण न कळता. शुद्ध यीस्ट वेगळं काढलं ते १८८३ ला, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, हान्सन या शास्त्रज्ञानं.