मदत हवी आहे : भावाच्या रिपोर्टमधला 'सीडी ५६'

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग. केमोनंतर रिपोर्ट चांगला आला, घरी पुरणपोळी झाली. सातव्या महिन्यात आजार परतला. डॉक्टर म्हणाले, काही कर्करोगाच्या पेशी अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मऊ भागात) चिकटून राहतात. वाचलं तेव्हा कळलं : पेशीवरचा व्हीएलए-४ हा रेणू मज्जेतल्या व्हीकॅम-१ला धरून बसतो, आणि त्या आडोशाला केमोचा मारा कमी लागतो. भावाच्या फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरचे रेणू ओळखणाऱ्या तपासणीत) सीडी ५६ पॉझिटिव्ह आहे. तोही चिकटवणाराच रेणू. त्यावरून पुढचे उपचार बदलतात का? एमआरडी तपासणी (उपचारांनंतर उरलेल्या थोड्या कर्करोगाच्या पेशी शोधणारी) छत्रपती संभाजीनगरात होते की मुंबई गाठावी? बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, प्रत्यारोपणासाठी माझी एचएलए तपासणी (माझी मज्जा भावाला जुळते का ते पाहणारी) करतोय. कुणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया सांगा. आई रोज विचारते, मला उत्तर देता येत नाही.