डीटीपीसाठी पीसी, बजेट ३५ हजार: १२४००एफ की ५६००जी?

नारायणपेठ_डीटीपी
नमस्कार मंडळी. माझं घरूनच डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, सीझनला दिवाळी अंकांची पानं. कोरल आणि फोटोशॉप दिवसभर उघडं आणि बाजूला क्रोम. मशीन आय३ चौथ्या जनरेशनची आहे, ८ जीबी रॅम, चालतीये अजून पण विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ तिच्यावर अधिकृतपणे बसत नाही. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जातीये, तिला कोडिंग आणि जमलं तर थोडं ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर).
पुण्यात तपकीर गल्लीच्या (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आसपास फिरून आले. एकाने इंटेलचा आय५ १२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम आणि वर जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड असं कोटेशन दिलं. दुसऱ्याने एएमडीचा रायझन ५ ५६००जी सांगितला. तिसरा म्हणतो ताई कशाला एवढा खर्च, आय५ पीसी १५ हजारात देतो. मॉनिटर आहे माझ्याकडे. नक्की काय घेऊ, आणि एवढा फरक कसा काय पडतो?

कोथरूड_असेंबलर
ताई आधी ते १५ हजारवालं डोक्यातून काढा. त्याला फक्त विचारा कितव्या जनरेशनचा आय५. बहुतेक वेळा दुसरी तिसरी जनरेशन निघते, म्हणजे २०११-१२ चा प्रोसेसर, जुना काढलेला, त्याला नवीन एच६१ बोर्ड लावलेला आणि कॅबिनेटला भरपूर लाइट. त्याच्यावर पण विंडोज ११ चालत नाही अधिकृतपणे, इंटेलमध्ये आठव्या जनरेशनपासून पुढे लागतं. म्हणजे तुम्ही ज्या अडचणीतून निघायला बघताय तिथेच परत पैसे घालणार.
आता १२४००एफ. प्रोसेसर एकदम चांगला, ६ कोर १२ थ्रेड (म्हणजे आत सहा प्रोसेसर, एका वेळी १२ कामं), पण एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. म्हणून त्याला ते जीटी ७१० घालावं लागलं, आणि ते कार्ड २०१४-१६ च्या काळातलं, एनव्हिडियाने त्या केप्लर पिढीचे रेग्युलर ड्रायव्हर २०२१ लाच थांबवले. तुमच्या कामाला त्याचा काडीचा फायदा नाही, नुसता डिस्प्ले यावा म्हणून पैसे. त्यापेक्षा एफ नसलेला १२४०० घ्या, त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आतच येतं, कोरल फोटोशॉपला पुष्कळ झालं. एफचे वाचलेले पैसे कार्डात जात असतील तर ती बचत कसली.
रॅम मात्र ८ च्या दोन घ्या, १६ ची एक नको. एच६१० ला बहुतेक दोनच स्लॉट असतात हे खरं, पण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं त्यामुळे ड्युअल चॅनलचा (दोन रॅम एकदम चालण्याचा) फरक जाणवतो.

हडपसर_रायझन
असेंबलर दादांचं बरोबर आहे पण ५६००जी ला एवढ्यात बाजूला नका टाकू. त्यातलं वेगा ग्राफिक्स यूएचडी ७३० च्या बरंच पुढे आहे, मुलगी ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवून बघेल तेव्हा कळेल. फायनल रेंडर (पक्कं चित्र काढणं) ब्लेंडरच्याच सायकल्स इंजिनमध्ये केलं तर दोन्हीकडे प्रोसेसरवरच पडणार, तिथे ६ कोर इकडे ६ कोर तिकडे.
तोटाही सांगतो. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२, आणि जी वाला पीसीआयई ३ वरच (कार्डाच्या जोडणीची जुनी पिढी) थांबतो. पुढे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं (अरुंद जोडणीचं) कार्ड लावलं तर स्पीडला मार बसतो. म्हणजे कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर ५६००जी, दोन वर्षांनी घ्यायची शक्यता असेल तर १२४००.

जुना_बाजार
ताईंनी विचारलंय फरक कसा पडतो, त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितोय.
२०१७ च्या सुरुवातीपर्यंत डेस्कटॉप आय३ म्हणजे २ कोर आणि आय५ म्हणजे ४ कोर, वर्षानुवर्षं तेच, कारण समोर टक्कर द्यायला कोणी उभंच नव्हतं. मार्च २०१७ ला एएमडीचा रायझन आला, एप्रिलला रायझन ५ १६०० मध्ये ६ कोर १२ थ्रेड मिळायला लागले आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलने आय३ ला ४ आणि आय५ ला ६ कोर करून टाकले. २०२० चा आय३ १०१०० बघा, ४ कोर ८ थ्रेड, किंमत १२२ डॉलर, हीच रचना २०१७ च्या आय७ ७७०० मध्ये ३०३ डॉलरला विकली जात होती!
पण एएमडीला पण देव्हाऱ्यात बसवू नका. नोव्हेंबर २०२० ला पुढे गेल्यावर त्यांनी ५६००एक्स २९९ डॉलरला काढला आणि खाली स्वस्त काही दिलंच नाही. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलचा १२४००एफ १६७ ला आला, मग लगेच एप्रिलमध्ये यांचे ५६०० आणि ५५०० अवतरले, १९९ आणि १५९ ला. जो मागे पडतो तो ग्राहकाला देतो, म्हणून मी दर वेळी त्या दिवशी पूर्ण सेट कोणाचा स्वस्त पडतो तेवढंच बघतो. प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्हीची बेरीज. एएम५ हा एएमडीचा नवा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) चांगला आहे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की ३५ हजारात ते बसवायचं म्हणजे एसएसडी किंवा पॉवर सप्लाय कुठेतरी मारावा लागणार. डीडीआर४ पण महागलीये, तरी जुन्या मशीनमधली तुम्हाला वापरता येणार नाही, ती डीडीआर३ आहे.

नारायणपेठ_डीटीपी
खूप आभार सगळ्यांचे. मुलीशी बोलले, ती म्हणतीये थर्ड इयरला कार्ड लागू शकेल, मग १२४०० बिनएफचाच. एक शेवटचं, त्याऐवजी आय३ १२१०० घेऊन उरलेल्या पैशात ३२ जीबी रॅम केली तर?

कोथरूड_असेंबलर
फक्त तुमचं काम असतं तर मी स्वतः तेच सांगितलं असतं. कोरलला एका कोरचा स्पीड आणि रॅम लागते, १२१०० चे ४ कोर त्याला कमी पडत नाहीत. पण ब्लेंडर आणि मोठे कोड कंपाइल करताना ६ कोर लागतात, आणि रॅम नंतर बदलता येते, प्रोसेसर शक्यतो कोणी बदलत नाही. या दोन्हींचा सॉकेट १७०० तसाही चौदाव्या जनरेशनला संपला.
घेताना बॉक्स पॅकच घ्या, त्याला इंटेलची ३ वर्षं वॉरंटी असते, ट्रे वाला (खोक्याशिवाय सुटा) स्वस्त देतात पण मग दुकानदाराच्या शब्दावर सगळं. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. पेठेत गुरुवारी लाइट जाते तेव्हा फाइल उघडी असली तर काम जाईल, म्हणून यूपीएस जुना असेल तर बॅटरी तेवढी बदला.