सांगली ते दिल्ली: विमानाचे दोन तास आणि प्रत्यक्षातला प्रवास

कृष्णाकाठ, सांगली:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ दिल्लीत करोल बागेत गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहे आणि येत्या डिसेंबरात 72 वर्षांच्या आईला त्याच्याकडे सोडायला जायचे आहे. आजवर आम्ही मिरजेहून गोवा एक्सप्रेसने जात आलो, परंतु गाडीतल्या दोन रात्री आता तिला झेपत नाहीत. पुणे ते दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,150 किलोमीटर असून ताशी 800 किलोमीटर वेग धरला, तर दीड तासात पोहोचायला हवे. तिकिटावर मात्र दोन तास दहा मिनिटे दिसतात. वरची चाळीस मिनिटे कशाची? शिवाय कोल्हापूर आम्हाला पन्नास किलोमीटरवर असताना पुण्यालाच जावे का?

आकाशमार्ग:
तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलते तेव्हापासून दिल्लीत ते ठरल्या जागी उभे राहीपर्यंतचा हा हिशेब असतो, आणि म्हणूनच त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणासाठी थांबणे, चढताना व उतरताना कमी असलेला वेग आणि दिल्लीच्या गर्दीमुळे घ्यावा लागणारा वळसा हे सारे त्यात येते. वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाण्यापेक्षा परत येण्यास जास्त वेळ लागतो. पुणे–दिल्ली मार्ग बराचसा उत्तरेकडे जात असल्याने हा फरक तेथे फारसा जाणवत नाही.

विट्याचा पाहुणा:
आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरे गलाईच्या निमित्ताने परमुलखात, त्यामुळे हा हिशेब आम्ही अनेकदा केला आहे. कोल्हापूरहून हैदराबादला विमान बदलायचे ठरवले, तर आधी सुमारे 450 किलोमीटर पूर्वेला आणि मग 1,260 किलोमीटर उत्तरेला, म्हणजे एकूण 1,700 किलोमीटर उडावे लागते, आणि मधला मुक्काम वेगळाच. वयस्कर माणसाला घेऊन मी पुण्याहून थेट विमानच निवडीन.

मात्र खरा प्रवास सांगली ते लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हाच समजावा. अंतर 235 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हवाई अंतराच्या जेमतेम पाचवा हिस्सा, आणि वेळ विमानाच्या दुपटीहून अधिक! दोन वर्षांपूर्वी खंबाटकीच्या बोगद्यापुढील वळणावर ट्रक आडवा झाल्याने आम्ही दीड तास अडकलो. आईने गाडीतच धपाटी सोडली, लोणच्याचे तेल मात्र तिकिटाच्या कागदावर सांडले. विमान मिळाले, पण दार बंद होण्याच्या बेतात. कात्रजनंतर संपूर्ण पुणे ओलांडायचे असते, हे बाहेरगावचा माणूस नेमके विसरतो.

आकाशमार्ग:
एक भर घालतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुके असते. कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा तेथे आहे, तथापि विमान व वैमानिक दोघेही त्यासाठी सज्ज असावे लागतात. त्यामुळे दुपारी दिल्लीत उतरणारे विमान घ्यावे, आणि आईसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.

कृष्णाकाठ, सांगली:
दोघांचेही आभार. आदल्या दिवशी पुण्यात बहिणीकडे मुक्काम करून दुपारचे विमान घेण्याचे ठरवले आहे. लोणचे सामानाच्या बॅगेतच जाईल.