गुडघ्याच्या हाडात सूज, आणि लगेच सलाईन? मला नाही पटत

रामबागकर
मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शिव्या घालायला सोपं. एमआरआयवर 'बोन मॅरो एडिमा', म्हणजे हाडाच्या आतली सूज, दिसला की झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन लावून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.
आईचं वय 67, उजवा गुडघा दिवाळीपासून दुखतोय. रात्री दोनला उठते आणि स्वयंपाकघरात बसून तेल चोळते, त्या डबीच्या आवाजाने मला जाग येते. एक्सरेत वयाची झीज आहे तेवढीच. एमआरआयची फिल्म खिडकीला धरली तर नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूने, पांढरा ढग. डॉक्टर म्हणाले हाडात सूज आहे, एक सलाईन लावू, वर्षभर बघायला नको. औषध कशाचं विचारलं तर ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होतात त्या आजाराचं. मग आईला तो आहे का? ती टेस्टच कुणी केली नाहीये!
मग वाचत बसलो. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात 59 लोकांवर ट्रायल झाली, सहा महिन्यांनी दुखणं कमी आणि सूजही लहान, सगळे खूश. मग तिकडेच मोठी केली, 223 लोक, वर्षाच्या अंतराने दोन सलाईन, 2020 ला छापून आली. कूर्चेची झीज थांबली नाही, दुखण्यात आणि सुजेतही बिनऔषधाच्या साध्या सलाईनपेक्षा फरक नाही. तरी आपल्याकडे पहिलीच गोष्ट सांगतात.

सुदामानगरची सून
काका, राग मानू नका पण ज्याचं दुखतं त्याला ट्रायल सांगून काय होणार? आमच्या ह्यांना खुब्यात हाच एडिमा होता, वय 41. पलंगावरून उतरताना ओरडायचे. तेच सलाईन लावलं, लटकवून पंधरा-वीस मिनिटांत संपलं. रात्री ताप, मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते माणूस, मी तर घाबरलेच, पण दोन दिवसांत उतरला आणि तीन आठवड्यांत ते सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभे राहून गराडू खात होते. मी तर म्हणेन लावूनच टाका.

जुना इंदुरी
मे महिन्यात गराडू? तो तळलेला कंद तर थंडीत मिळतो 😀 बरं ते जाऊ द्या. ताई, खुब्याची गोष्ट वेगळी आहे. तिथला हा एडिमा बऱ्याच जणांचा आपोआप जातो, सहा महिने, कधी वर्ष. 1959 मध्ये पहिल्यांदा लिहिलं गेलं ते गरोदर बायकांबद्दल, त्यांचा बाळंतपणानंतर आपोआप बरा झाला. तुमच्या ह्यांना कुबड्या दिल्या होत्या ना? मग सलाईनने गेला की वजन न टाकल्याने गेला हे तुम्ही कसं ठरवलंत?

सुदामानगरची सून
कुबड्या होत्या हो, दीड महिना. आणि गराडू नव्हतं, भुट्टे का किस होता, झालं समाधान? पण सहा महिने थांबायचं म्हणजे नोकरी कोण करणार? औषधाने दोन महिने जरी वाचले तरी माझ्यासाठी ते वाचलेच.

पलासिया फिजिओ
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. 'एडिमा' हा आजार नाही, फिल्मवरचा पांढरेपणा आहे. मार लागला, बारीक फ्रॅक्चर झालं, खुब्याचा रक्तपुरवठा तुटला, संधिवात झाला, नुसती झीज झाली, सगळ्यात तो तसाच दिसतो. त्यामुळे औषध 'एडिमाला' नसतं, कारणाला असतं. खुब्याच्या तशा दुखण्यात झोलेड्रोनिक किंवा रक्तवाहिन्या रुंद करणारं इलोप्रोस्ट देतात, इलोप्रोस्टला तर रोज काही तास असे पाच दिवस सलाईन, डोकं दुखतं, चेहरा लाल होतो. दोन्ही औषधांचा परवाना ह्या सुजेसाठी नाहीये. डॉक्टर तरी देऊ शकतात, त्यात बेकायदा काही नाही, पण ते पेशंटला सांगायला हवं की नको?

रामबागकर
हेच! माझं भांडण औषधाशी नाहीच आहे. आम्हाला 'परवाना नाही' हे कुणी सांगितलं नाही, किडनीसाठी क्रिएटिनीन तपासलं नाही, डी व्हिटॅमिन नाही, आणि आईची एक दाढ काढायची आहे हेही कुणी विचारलं नाही. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, नंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणतात.

सुदामानगरची सून
दाढेचं मला माहीतच नव्हतं. ह्यांच्या वेळी नुसतं कॅल्शियम विचारलं होतं. पण मग आजींनी रात्रभर तेलच चोळत बसायचं का? बोलायला सोपं आहे काका.

रामबागकर
नाही ना, म्हणून आधी दाढ, डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) आणि रक्त. हाडं ठिसूळ निघाली तर सलाईन मीच मागेन, पण त्या आजारासाठी, ढगासाठी नाही. तोवर काठी दिलीय. राजवाड्यावर फिरायला जाताना मात्र आई ती नेत नाही, म्हातारी दिसते म्हणे.

पलासिया फिजिओ
काठी कुठल्या हातात धरतात त्या?

रामबागकर
उजव्या. दुखतोय तो उजवाच ना.

पलासिया फिजिओ
डाव्या हातात द्या. दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला, आणि उजवं पाऊल टाकताना काठी सोबत पुढे. आणि उंची मनगटापर्यंत कापून घ्या.

रामबागकर
पाच महिने झाले हो, एकाही डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं. करवत शोधतोय.