मुदत संपलेला वेतनकरार: ग्रंथालयात शोध कुठून सुरू करावा?

भोसरीचा फिटर

सप्रेम नमस्कार. मी भोसरीतील एका अभियांत्रिकी कारखान्यात १९ वर्षे फिटर आहे आणि आमच्या मान्यताप्राप्त संघटनेच्या कार्यकारिणीवर यंदा दुसऱ्यांदा निवडून आलो आहे. आमच्या वेतनकराराची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. एप्रिलमध्ये आम्ही नवे मागणीपत्र दिले, चार बैठका झाल्या आणि बोलणी अडून बसली. त्यानंतर १ ऑक्टोबरपासून व्यवस्थापनाने उपाहारगृहातील जेवणाचे ताट ६ रुपयांवरून ३५ रुपयांवर नेले. विचारायला गेलो तेव्हा ‘करारच संपला, मग त्यातले कलम २२ कुठून उरणार?’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. लेखी काहीही दिलेले नाही.

संघटनेला वकील आहेत आणि त्यांच्यावर आमचा विश्वासही आहे. परंतु वाटाघाटींच्या टेबलावर वकील नसतात, आम्ही असतो. म्हणून निदान आपल्या कराराचा कायदा आपल्याला स्वतः वाचता यावा, अशी इच्छा आहे. ओळखीने परवानगी काढून मी दोन शनिवार एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसलो. तिथल्या निकालसारांच्या जाड खंडात एका ओळीत ‘मुदतीनंतरही करार बंधनकारक राहतो’ असे होते, तर त्याच पानावर चार ओळी खाली ‘नोटिशीनंतर करार संपुष्टात येतो’ असे होते. दोन्ही ओळींपुढे सर्वोच्च न्यायालयाचेच संदर्भ होते. त्यातच नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यामुळे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा वाचण्यात अर्थ उरला आहे की नाही, हेही समजेनासे झाले आहे. शोधाची सुरुवात कुठून करावी आणि आमच्यासारख्या कारखान्यांचे जुने करार कुठे पाहायला मिळतात, हे जाणकारांनी सांगावे. आज डिसेंबरची ६ तारीख आहे आणि पुढची बैठक २० तारखेला आहे.

पुस्तकांचा राखणदार

नमस्कार. मी एका विधी ग्रंथालयात २२ वर्षे काम करतो. कायद्याचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, पण पुस्तके कोणत्या क्रमाने उघडावीत ते सांगू शकतो. आपण निकालसारापासून सुरुवात केलीत, आणि नवखा वाचक बहुतेक वेळा तिथेच अडकतो. निकालसार हा पत्ता शोधण्यासाठी असतो. त्या पत्त्यावर कोण राहतो ते तिथे जाऊनच पाहावे लागते.

आधी कायद्याचा मूळ मजकूर घ्यावा, आणि तो घटनेच्या दिवशी लागू असलेला घ्यावा. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आपल्या ताटाचा दर १ ऑक्टोबरला बदलला. त्या दिवशी औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ हाच कायदा होता, त्यामुळे फडताळातली जुनी प्रत बाजूला सारू नका. तिच्यातील कलम १८ (करार कोणावर बंधनकारक), कलम १९ (तो किती काळ चालतो) आणि कलम ९-अ (सेवाशर्ती बदलण्याआधीची नोटीस) ही तीन कलमे अक्षरशः बोट ठेवून वाचावीत. ‘मुदतीनंतरही करार बंधनकारक राहतो’ आणि ‘नोटिशीनंतर संपतो’ ही दोन्ही वाक्ये कलम १९ च्या पोटकलम (२) मधूनच निघाली आहेत. त्यात ठरलेल्या मुदतीबद्दलही तरतूद आहे आणि त्यानंतरच्या काळाबद्दलही: करार मोडण्याचा इरादा एका पक्षाने दुसऱ्याला लेखी कळवल्यापासून दोन महिने पूर्ण होईपर्यंत करार बंधनकारकच राहतो.

त्यानंतर निकाल. आपल्याला हवा आहे तो आयुर्विमा महामंडळ विरुद्ध डी. जे. बहादुर हा बोनसच्या करारावरचा १९८० चा निकाल. येथे एक गंमत सांगतो, कारण तिच्यापायी वाचक आमच्याकडे तासन्‌तास घालवतात. निकाल छापणाऱ्या एआयआर आणि एससीसी अशा दोन मालिका आहेत. हा निकाल एआयआरमध्ये १९८० च्या सर्वोच्च न्यायालय विभागात पृष्ठ २१८१ वर आहे, पण एससीसीमध्ये तो १९८१ च्या पहिल्या खंडात पृष्ठ ३१५ वर मिळतो. निकाल एकच, पण पुस्तकाच्या पाठीवरचे साल वेगळे. गेल्या महिन्यात एक विद्यार्थी ‘१९८० चा एससीसी खंड गहाळ आहे’ अशी तक्रार घेऊन आला होता. खंड जागेवरच होता, त्यात हा निकाल नव्हता इतकेच.

निकाल उघडल्यावर वरची बारीक अक्षरातली हेडनोट (सारांशाची टीप) ओलांडून पुढे जावे. ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे. या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी कराराच्या आयुष्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिला टप्पा ठरलेल्या मुदतीचा. दुसरा मुदत संपल्यानंतरचा, ज्यात करार कायद्यानेच बंधनकारक राहतो. तिसरा मोडण्याच्या नोटिशीनंतरचा, ज्यात नवा करार किंवा निवाडा जागा घेईपर्यंत जुन्या अटी दोन्ही पक्षांमधील कंत्राट म्हणून टिकतात. आपल्या पानावरच्या दोन ओळी एकमेकींच्या विरोधात नाहीत. त्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलतात. निकाल एकमताचा नाही, न्या. कोशल यांचे मत वेगळे आहे, तेही वाचा; समोरचा पक्ष ते नक्की वाचून येईल.

औद्योगिक न्यायालयातला वकील

ग्रंथपालांनी क्रम अचूक सांगितला आहे, पण त्याआधी कॅलेंडर पाहावे, अशी माझी विनंती आहे. करार किंवा निवाडा न पाळणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या, म्हणजे आपण सगळे ज्याला एमआरटीयू म्हणतो त्याच्या, चौथ्या अनुसूचीतील बाब ९ खाली अनुचित कामगार प्रथा आहे. तिच्याविरुद्धची तक्रार कलम २८ प्रमाणे ९० दिवसांत दाखल करायची असते. १ ऑक्टोबरपासून ९० दिवस ३० डिसेंबरला भरतात. पुरेसे कारण दाखवले तर न्यायालय उशीर माफ करू शकते, पण ‘मी ग्रंथालयात वाचत होतो’ हे कारण सांगण्याची वेळ स्वतःवर आणू नये. वकिलांना सोमवारीच भेटा.

दुसरी गोष्ट बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या नुसत्या मजकुराची प्रत) निवडण्याची. दिल्लीत छापलेल्या कित्येक स्वस्त प्रतींमध्ये राज्यांच्या दुरुस्त्या एकतर नसतात किंवा तळटिपेत इतक्या बारीक असतात की नजरेतून सुटतात. महाराष्ट्रात कलम १८(१) ला, म्हणजे समेट अधिकाऱ्याशिवाय आपसात केलेल्या करारांच्या कलमाला, एक परंतुक (जोड-अट) जोडलेले आहे. ज्या उपक्रमात मान्यताप्राप्त संघटना आहे, तिथे असा करार त्याच संघटनेशी करावा लागतो आणि तो तेथील सर्व कामगारांवर, अगदी नंतर भरती होणाऱ्यांवरही, बंधनकारक ठरतो. बडतर्फी, कपात, निलंबन अशा विषयांवरचे करार मात्र त्यातून वगळले आहेत. हे परंतुक न वाचता केवळ केंद्रीय मजकूर वाचला, तर १८(१) चा करार फक्त सह्या करणाऱ्या पक्षांपुरता असतो, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तरुण वकिलांना मी न्यायालयात हाच युक्तिवाद करताना पाहिले आहे, आणि समोरच्याने ते परंतुक वाचून दाखवल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो तेही पाहिले आहे.

आता एक अवघड जागा. आपण एप्रिलमध्ये मागणीपत्र दिलेत. त्या मागणीपत्राच्या पहिल्या परिच्छेदात नेमके काय लिहिले होते? करार मोडण्याच्या नोटिशीला ठरावीक नमुना नाही. पक्षांमधील पत्रव्यवहारातूनही तो इरादा आणि त्याची तारीख काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन लिंक चेनच्या १९७१ च्या निकालात म्हटले आहे. म्हणजे ‘जुना करार आम्ही संपुष्टात आणत आहोत’ असे आपणच लिहून दिले असेल, तर आपण आपल्याच हाताने तिसऱ्या टप्प्यात गेला आहात. तिथेही बहादुर निकाल आपल्या मदतीला येतो, पण युक्तिवादाची मांडणी बदलते.

संहितेने रद्द केलेले तिन्ही कायदे केंद्राचे आहेत. १९७१ चा राज्याचा कायदा त्या यादीत नाही. एवढे सध्या पुरे.

परळकर

वकीलसाहेबांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. कलम १९(७) प्रमाणे मोडण्याची नोटीस बहुसंख्य बांधील व्यक्तींचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पक्षाने दिलेली असेल तरच ती परिणामकारक होते. त्यामुळे मागणीपत्र कोणाच्या सहीने आणि कोणत्या ठरावाने गेले, हेही तपासा. संघटनेच्या इतिवृत्ताची वही या कामी कोणत्याही कायदेग्रंथाइतकी महत्त्वाची आहे.

जुन्या करारांविषयी विचारले आहे. लोक ते शासन राजपत्राच्या ‘भाग एक-ल’मध्ये शोधत बसतात आणि निराश होतात. तिथे न्यायाधिकरणांचे निवाडे येत, कारण कलम १७ प्रमाणे ते प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. दोन पक्षांनी आपसात केलेल्या करारांना असे बंधन नव्हते. करार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नोंदले जातात. आपल्या कराराच्या शेवटच्या पानावर समेट अधिकाऱ्याची सही आणि शिक्का आहे का ते आधी पाहा. असेल तर तो कलम १२(३) खालचा, म्हणजे समेटाच्या कामकाजात झालेला, आणि त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. शेजारच्या कारखान्यांचे करार मात्र त्यांच्या संघटनांकडून मागून घेणे सोपे पडते. त्यासाठी ग्रंथालयापेक्षा चहाची टपरी उपयोगी.

पुण्यातच असल्यामुळे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात एकदा अवश्य जा. मुंबईच्या लेबर ऑफिसने सप्टेंबर १९२१ पासून काढलेल्या ‘लेबर गॅझेट’चे अंक आणि १९२९ ते १९३१ च्या शाही कामगार आयोगाचे खंड अशा ठिकाणी शोधावेत, त्या आयोगाच्या साक्षींचा पहिला खंड मुंबई इलाख्याचा आहे. ताटाच्या भांडणाला त्याचा थेट उपयोग नाही, हे कबूल. परंतु संपाशिवाय बोलणी कशी चालवायची आणि कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, हा वाद तिथे ज्या शब्दांत चालला आहे, तो वाचल्यावर १९४६ च्या मुंबई कायद्यातील प्रातिनिधिक संघटना आणि नंतरची १९७१ ची मान्यता या दोन्ही कल्पना कुठून आल्या ते उमगते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात हीच गाठ सुटली नाही: कामगार एका नेत्यामागे आणि कायद्याने बोलण्याचा हक्क दुसऱ्या संघटनेकडे. मी तेव्हा परळला राहत होतो.

भोसरीचा फिटर

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी वकिलांना भेटलो. तक्रारीचा मसुदा २२ तारखेपर्यंत तयार होईल.

काल कार्यालयातले लोखंडी कपाट रिकामे केले. कराराच्या शेवटच्या पानावर समेट अधिकाऱ्याचा गोल शिक्का आहे, म्हणजे करार १२(३) चा. मागणीपत्राची कार्बन प्रतही सापडली. त्यात ‘मुदत संपत असल्याने नवीन मागण्या सादर करीत आहोत’ असे आहे. ‘मोडत आहोत’ असे कुठेही नाही. २००७ च्या कराराखाली दाबलेला १९९८ चा करारही मिळाला आणि त्यात ताटाचा दर २ रुपये होता. तीनही करारांत एक वाक्य शब्दशः तेच आहे: ‘यापूर्वीच्या करारांन्वये मिळणारे व या करारात बदल न केलेले सर्व लाभ पूर्ववत चालू राहतील.’ हे वाक्य १९ वर्षे डोळ्यांखालून जात होते. कलम ९-अ ची २१ दिवसांची नोटीस मिळाली नव्हती, हेही टिपून ठेवले आहे.

एक शंका उरते. बहादुर निकालानंतर महामंडळाचा कायदाच बदलला गेला, असे एकाने सांगितले. मग तो निकाल अजून चालतो का?

पुस्तकांचा राखणदार

चांगला प्रश्न. १९८१ साली संसदेने महामंडळाच्या कायद्यात दुरुस्ती केली, हे खरे आहे. त्यावरचा ए. व्ही. नाचणे यांचा १९८२ चा निकाल वाचा: दुरुस्ती वैध ठरली, पण मागील तारखेचे नियम करून आधीच्या निकालाने मिळालेला बोनस हिरावून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ती दुरुस्ती त्या एका महामंडळापुरती होती, १९४७ च्या कायद्याच्या कलम १९ ला तिने हात लावलेला नाही. दोन्ही निकालांच्या प्रती काढून ठेवतो. शनिवारी ११ नंतर या, तोपर्यंत झेरॉक्सवाला आलेला असतो.